आम्ही फॉर्मात होतो

२०२४ च्या जून महिन्यात विराट कोहलीचा फॉर्म गेला होता, असं सगळे म्हणतात. म्हणू देत. पण त्याच महिन्यात आम्ही लोक किती तुफान फॉर्मात होतो, याची नोंद कुठल्याही स्कोअरबुकात झालेली नाही. आम्ही म्हणजे डोंबिवलीपासून सावंतवाडीपर्यंत आणि कोथरूडपासून थेट न्यू जर्सीपर्यंत पसरलेले, सोफ्यावर मांडी घालून क्रिकेट खेळणारे मराठी लोक. ट्वेन्टी-ट्वेन्टी विश्वचषकातल्या पहिल्या सात डावांत कोहलीच्या धावा होत्या १, ४, ०, २४, ३७, ० आणि ९. सलग लिहिल्या तर मोबाइल नंबरला एक आकडा कमी पडतो. आमचं मात्र एकही षटक निर्धाव गेलं नाही.

वेळही अगदी जुळून आली होती. ४ जूनला लोकसभेचे निकाल लागले. दोन-तीन महिने जागावाटप, मतांची टक्केवारी आणि एक्झिट पोल यांत गळ्यापर्यंत बुडालेली माणसं त्या संध्याकाळी एकदम रिकामी झाली. एक्झिट पोल साफ आपटले होते, त्यामुळे झाल्या अंदाजांवर बोलायला कोणी फारसं उत्सुकही नव्हतं. आणि लगेच दुसऱ्या दिवशी, रात्री आठच्या मॅचला, कोहली न्यू यॉर्कमध्ये आयर्लंडविरुद्ध सलामीला आला, पाच चेंडू खेळला आणि एक धाव करून थर्ड मॅनला झेल देऊन परत गेला. राजकीय विश्लेषकांचं इतकं झटपट पुनर्वसन याआधी कुठल्याही सरकारला जमलं नसेल.

आमच्या इमारतीत या पुनर्वसनाचे पहिले लाभार्थी म्हणजे तळमजल्यावरचे काका. काका बँकेतून निवृत्त झाले, पण तपासणी हा त्यांचा स्वभाव बँकेने परत घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते लिफ्टसमोर मिटलेली छत्री घेऊन उभे होते. छत्री पावसासाठी आणलेली, पण हातात आली की तिची बॅट होते.

"पाय बघ," ते मला म्हणाले. "पाय कुठे जातोय त्याचा? चेंडू इथे. पाय इथे. आणि बॅट?" बॅट वॉचमनच्या रजिस्टरवर गेली होती. छत्री नुकतीच भिजून आलेली, त्यामुळे आदल्या रात्री कोण कोण पाहुणे आले आणि किती वाजता गेले, ही सगळी माहिती निळ्या शाईच्या एका ओघळात विलीन झाली. काकांनी पाय पुढे टाकून कव्हर ड्राइव्ह पूर्ण केला. फॉलो थ्रू मात्र कमरेने नाकारला.

काकू दारात उभ्या राहून हे बघत होत्या. "अहो, कालच सिलिंडर सरकवताना ओरडलात ना? आता फूटवर्क कसलं शिकवताय त्याला?"

"मी तत्त्व सांगतोय," काका म्हणाले.

त्यांचं खरं दुखणं हिशेबाचं होतं. नुकत्याच संपलेल्या आयपीएलमध्ये कोहलीने ७४१ धावा केल्या होत्या, स्पर्धेत सगळ्यांत जास्त. ऑरेंज कॅप त्याच्याच डोक्यावर होती. काकांचं म्हणणं, एवढी मोठी रक्कम एकाच शाखेतून काढल्यावर दुसरीकडे चेक वटणार कसा? "सगळं बेंगळुरूला देऊन आला. देशासाठी काय उरलं?" पण एप्रिलमध्ये, जेव्हा या ७४१ धावा जमा होत होत्या, तेव्हाही काका समाधानी नव्हते. तेव्हा तक्रार अशी होती की धावा होतायत, पण संथ होतायत. स्ट्राइक रेट हा शब्द त्या महिन्यात आमच्या इमारतीत पाण्याच्या टँकरपेक्षा जास्त वेळा उच्चारला गेला. एकदा मी धीर करून विचारलं, "काका, १९७५ च्या वर्ल्ड कपला लॉर्ड्सवर सुनील गावसकर साठ षटकं खेळून नाबाद ३६ होते. १७४ चेंडू. त्याचं काय?" काका क्षणभर थांबले, छत्री खाली ठेवली आणि म्हणाले, "ते तंत्र होतं."

९ जूनला पाकिस्तानशी सामना होता. कोहलीने एक देखणा चौकार मारला आणि तिसऱ्या चेंडूवर नसीम शाहला कव्हरकडे खेळताना झेल दिला. चार धावा. भारताचा अख्खा संघच ११९ वर आटोपला होता आणि तरीही आपण सहा धावांनी जिंकलो, कारण बुमराने १४ धावांत तीन बळी काढले. म्हणजे त्या खेळपट्टीवर कोणालाच नीट खेळता येत नव्हतं. आता नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपण नेहमी नाचणाऱ्याला टोमणा म्हणून वापरतो. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं. लाँग आयलंडवरच्या नासाउ काउंटीतलं ते स्टेडियम काही महिन्यांत उभं केलेलं. खेळपट्ट्या अॅडलेडच्या क्युरेटरच्या देखरेखीखाली फ्लोरिडात ट्रेमध्ये वाढवल्या आणि ट्रकवर घालून न्यू यॉर्कला आणून बसवल्या. एक चेंडू गुडघ्याखाली राहायचा, दुसरा हेल्मेटची चौकशी करायचा. पण अंगणाला दोष दिला तर आमच्याकडे बोलायला काय उरलं असतं? खेळपट्टीला ट्रोल करता येत नाही. तिला निवृत्त व्हायचा सल्लाही देता येत नाही. त्यामुळे अंगण माफ झालं आणि नाचणारा धरला गेला.

मग १२ जून आला आणि मराठी घरांत फूट पडली. त्या दिवशी अमेरिकेशी सामना होता आणि अमेरिकेचा डावखुरा वेगवान गोलंदाज होता सौरभ नेत्रावळकर. हा मुंबईचा मुलगा. २०१० मध्ये भारताकडून एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक खेळलेला, मुंबईसाठी रणजी खेळलेला. पुढे क्रिकेटचं काही जमत नाही म्हणून कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेला, ऑरेकलमध्ये सॉफ्टवेअर इंजिनीअर झाला आणि तिथून परत क्रिकेटमध्ये उगवला. आठवडाभरापूर्वीच त्याने डॅलसमध्ये सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवलं होतं, त्यामुळे आमच्याकडे त्याचा अर्धा सत्कार आधीच झाला होता. आता तो कोहलीला गोलंदाजी करणार! विराट आपला हे खरं, पण नेत्रावळकर आडनावच सांगतं की तो जरा जास्तच आपला.

पहिल्याच षटकात कोहलीच्या वाट्याला आलेला पहिलाच चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर पडला, बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला. शून्य. त्या एका चेंडूवर आमच्या इमारतीत विराट कोहली तीनदा बाद झाला. सर्वांत आधी तळमजल्यावर, कारण काकांकडे केबल आहे. मग दुसऱ्या मजल्यावर, तिथे डिश आहे आणि ती थोडी मागे चालते. आणि शेवटी तिसऱ्या मजल्यावर, जिथे आयटीतला मुलगा मोबाइलवर मॅच बघतो. त्याच्या स्क्रीनवर नेत्रावळकर अजून चेंडू पँटवर घासत होता तेव्हाच खालून काकांचा "आई गं" असा आवाज आला. बिचाऱ्याने पुढचा रनअप, टप्पा आणि कड हे सगळं निकाल माहीत असताना बघितलं.

त्याचं दुःख एवढ्यावर थांबलं नाही. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, स्क्रीनवर नेत्रावळकरचं नाव वाचलं, त्याची नोकरी कुठे हे चौकशी करून घेतलं आणि म्हणाली, "बघ. तोही तुझ्यासारखाच कॉम्प्युटरवर काम करतो. त्याला वर्ल्ड कपला सुट्टी मिळते आणि तुला गणपतीलासुद्धा मिळत नाही." थोड्या वेळाने नेत्रावळकरने रोहित शर्मालाही बाद केलं, तेव्हा तो मुलगा टाळ्या वाजवायच्याऐवजी लॅपटॉप उघडून बसला. पुढे मात्र नेत्रावळकरच्या हातून सूर्यकुमार यादवचा झेल सुटला आणि आपण सामना जिंकलो. एका मुंबईकराने दुसऱ्याचा झेल सोडला, याला तळमजल्यावरच्या काकूंनी "माहेरची माया" असं नाव दिलं. स्पर्धेतलं सर्वांत अचूक विश्लेषण माझ्या मते हेच.

तीन डाव, पाच धावा. आता निदानाला ऊत आला. आपल्याकडे या शास्त्रात तीन घराणी आहेत.

पहिलं तांत्रिक घराणं. यात पाय, खांदा, डोकं आणि मनगट यांच्यावर स्वतंत्र चर्चा होते, जणू ते चार वेगवेगळे खेळाडू आहेत. या घराण्याचे लोक स्वतः शेवटचं क्रिकेट कॉलेजच्या गॅदरिंगला टेनिस बॉलने खेळलेले असतात. तिथेही अंपायरशी भांडून बॅट घरी घेऊन गेलेले असतात, कारण बॅट त्यांची होती.

दुसरं क्रमवार घराणं. यांना फलंदाजी कशी केली यात रस नसतो, कितव्या नंबरवर केली यात असतो. "रोहितबरोबर सलामीला कशाला? तिसऱ्या नंबरवर पाठवा. यशस्वीला आत घ्या." यशस्वी जैस्वाल अख्खी स्पर्धा बाकावर बसून होता आणि त्या काळात त्याचा फॉर्म जगात सर्वांत उत्तम मानला जात होता. न खेळणाऱ्याचा फॉर्म कधीच जात नाही, हे क्रिकेटमधलं एक मोठं सत्य आहे.

तिसरं घराणं नशिबाचं, आणि याची परंपरा सर्वांत जुनी. साडेसाती, नजर, कुणाचा तरी पायगुण. २०१५ मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात कोहली एका धावेवर बाद झाला. अनुष्का शर्मा स्टेडियममध्ये बसली होती, आणि सगळं खापर तिच्यावर फुटलं. त्यांचं लग्न झालं ते डिसेंबर २०१७ मध्ये. सून ठरण्याआधीच अपशकुनी ठरायचा मान आपण तिला दिला. चेंडू मिचेल जॉन्सनने टाकला, फटका कोहलीने मारला आणि दोषी ठरली प्रेक्षकांतली एक बाई. कौटुंबिक मालिका लिहिणाऱ्यांनाही एवढं धाडस होत नाही.

या वेळी नशीब घराण्याला ऐन स्पर्धेत सणही मिळाला. २१ जूनला वटपौर्णिमा होती. काकू ओटीची तयारी करून वडाकडे निघाल्या, तेव्हा काकांनी गंभीरपणे सुचवलं, "दोरा गुंडाळताना एक फेरी कोहलीसाठी मार." काकू म्हणाल्या, "मी सात जन्म तुम्हालाच मागतेय. त्यात आणखी एक माणूस घालून गोंधळ नको." आदल्या दिवशी बार्बाडोसला अफगाणिस्तानविरुद्ध कोहलीने २४ चेंडूंत २४ केल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी अँटिग्वाला बांगलादेशविरुद्ध २८ चेंडूंत ३७ केल्या. फेरी मारली की नाही हे काकूंनी सांगितलं नाही.

या दोन डावांनी आमची मोठी पंचाईत केली. शून्य असेल तर माणूस शिव्या देऊ शकतो, शतक असेल तर मिठाई वाटू शकतो. पण २४? ३७? यांचं करायचं काय? २४ चेंडूंत २४ हा फॉर्म परत येताना दिसतोय की जाताना? काकांनी ३७ धावांचा डाव संपल्यावर बराच वेळ विचार केला आणि "प्रश्न कायम आहेत" असा निकाल दिला. हा निकाल कुठल्याही धावसंख्येवर, कुठल्याही सरकारवर आणि कुठल्याही जावयावर चालतो.

मग २४ जूनला सेंट लुशियात ऑस्ट्रेलियाच्या हेझलवुडने त्याला पाच चेंडूंत शून्यावर घालवलं आणि सगळे पुन्हा मोकळा श्वास घेऊन बोलायला लागले. त्याच सामन्यात रोहितने ४१ चेंडूंत ९२ धावा फटकावल्या, पण त्याबद्दल आमच्या इमारतीत कोणी चकार शब्द काढला नाही. चांगल्या खेळीवर बोलायला काय असतं? "छान खेळला" म्हटलं की विषय संपला. वाईट खेळीत साहित्य असतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने, आईच्या टोमण्यांतून वेळ काढून, एक हिशेब मांडला. उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्धच्या ९ धावा धरून सात डावांत कोहलीच्या धावा होतात ७५. आणि या सात डावांत तो एकूण चेंडू किती खेळला? तेही ७५. म्हणजे साडेबारा षटकं. सलग टाकली तर डोंबिवलीहून सुटलेली फास्ट लोकल सीएसएमटीला पोचायच्या आत संपतील. एवढ्या ऐवजावर आम्ही तीन आठवडे संसार केला. चेंडू ७५, आणि त्यावर बोलली गेलेली वाक्यं मोजायला जनगणना खातं लागेल.

खरा, भारदस्त बॅड पॅच कसा असतो हे कोहलीने आम्हाला आधी दाखवलेलं होतं. २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात पाच कसोटींच्या दहा डावांत १३४ धावा. अँडरसन ऑफ स्टंपच्या बाहेर चेंडू टाकतोय, कोहली कड देतोय, पुढच्या कसोटीत तोच चेंडू, तीच कड. त्यात शिस्त होती, सातत्य होतं. नंतर नोव्हेंबर २०१९ ते सप्टेंबर २०२२ एकही आंतरराष्ट्रीय शतक नाही. जवळपास तीन वर्षं! तेव्हा तर बोलून बोलून आमचीच दमछाक झाली होती. पण ट्वेन्टी-ट्वेन्टीत फॉर्म जायलाही धड वेळ मिळत नाही. शितावरून भाताची परीक्षा करावी हे मान्य, पण इथे तांदूळ निवडत असतानाच लोक भात करपला म्हणून ओरडत होते.

शिवाय हा प्रकारच असा की माणूस कसाही खेळला तरी चुकतो. २०२२ च्या विश्वचषकात कोहलीने २९६ धावा केल्या, स्पर्धेत सर्वांत जास्त. अॅडलेडच्या उपांत्य सामन्यात ४० चेंडूंत ५० केल्या, संघाच्या १६८ झाल्या आणि इंग्लंडने एकही गडी न गमावता त्या पार केल्या. तेव्हा देशाचा निष्कर्ष निघाला, सुरुवात फार संथ होते, पहिल्या चेंडूपासून हाणायला हवं. बरं, म्हणून २०२४ मध्ये तो पहिल्या चेंडूपासून हाणायला गेला आणि बाद झाला. तेव्हा देशाचा निष्कर्ष निघाला, घाई कशाला करतो? दोन्ही निष्कर्ष काकांचेच होते आणि दोन्ही वेळा त्यांनी "मी आधीच सांगितलं होतं" हे वाक्य वापरलं. दोन्ही वेळा त्यांनी खरंच आधी सांगितलं होतं. माणसाने सगळंच आधी सांगून ठेवलं की हा फायदा होतो.

२७ जूनला गयानात उपांत्य सामना. पाऊस, उशीर, आमच्याकडे रात्र. कोहलीने रीस टॉप्लीला एक षटकार मारला, सोफ्यावरचे सगळे पुढे सरकले आणि थोड्याच वेळात टॉप्लीने त्याच्या यष्ट्या उडवल्या. सोफा मागे गेला. टीव्हीवर राहुल द्रविड त्याच्याजवळ येऊन बसलेला, त्याला थोपटताना दिसला. सामना जिंकल्यावर रोहित शर्माला कोहलीबद्दल विचारलं, तेव्हा तो म्हणाला की पंधरा वर्षं खेळलेल्या माणसाला फॉर्मची चिंता नसते, बहुतेक तो फायनलसाठी राखून ठेवतोय. हे वाक्य बोरिवलीत वाढलेला मुलगाच बोलू शकतो. मित्राची बाजू घ्यायची, पण चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही. काकांना मात्र ते मनापासून पटलं. "बरोबर आहे," ते म्हणाले, "मुदत ठेव मुदतीआधी मोडली की व्याज बुडतं." ७४१ धावांचा चेक न वटल्याची तक्रार त्यांनी त्या क्षणी मागे घेतली.

२९ जून, बार्बाडोस, दक्षिण आफ्रिकेशी फायनल. पहिल्याच षटकात कोहलीने यान्सेनला तीन चौकार मारले आणि काकांनी छत्री दाराबाहेर नेऊन ठेवली. आता शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण लगेच रोहित गेला, पंत गेला, सूर्या गेला. ३४ वर तीन. आता कोहलीने हाणायचं की थांबायचं? तो थांबला. अक्षर पटेल दुसऱ्या बाजूने षटकार मारत होता आणि कोहली एकेक धाव गोळा करत होता. ४८ चेंडूंत अर्धशतक झालं. टाळ्या पडल्या, पण त्या नात्यातल्या लग्नात पडतात तशा, उपस्थितीपुरत्या. "फायनलमध्ये स्वतःसाठी खेळतोय," असं कोणीतरी म्हणालं. पुढच्या ११ चेंडूंत त्याने २६ कुटल्या, तेव्हा तोच माणूस "खरा खेळाडू!" असंही म्हणाला. ५९ चेंडूंत ७६. आधीच्या सात डावांची बेरीज ७५, आणि या एका डावात ७६. पूर्ण स्पर्धेचं देणं एकरकमी फेडून वर एक रुपया शकुनाचा.

गोष्ट इथे संपली असती तर निदानशास्त्राचा विजय झाला असता. पण मग दक्षिण आफ्रिका खेळायला आली. क्लासेनने पंधराव्या षटकात अक्षरला असं झोडपलं की एका षटकात २४ गेल्या आणि उरलं काय तर ३० चेंडूंत ३० धावा, हातात सहा गडी. आमच्या इमारतीत शांतता पसरली आणि त्या शांततेत कोणाच्या तरी डोक्यात बेरीज सुरू झाली. "अठ्ठेचाळीस चेंडूंत पन्नास. तिथेच मॅच गेली." ते वाक्य हळूहळू खोलीभर पसरलं. मघाचा खरा खेळाडू आता आरोपी होता. एकही नवा चेंडू न खेळता कोहलीचा फॉर्म पुन्हा गेला.

मग बुमराने धावा आवळल्या, हार्दिकने क्लासेनला घालवलं, आणि शेवटच्या षटकात १६ हव्या असताना मिलरने पहिलाच चेंडू उंच मारला. सीमारेषेवर सूर्यकुमार यादव धावत आला, चेंडू पकडला, तोल जातोय म्हणून हवेत उडवला, दोरीबाहेर पाय टाकून परत आत आला आणि पुन्हा पकडला. सात धावांनी आपण जिंकलो. कोहली सामनावीर. संथ अर्धशतकाची त्या क्षणी "जबाबदार खेळी" झाली. सूर्याचा बूट त्या दोरीला बोटभर चिकटला असता तर त्याच ७६ धावांवर आम्ही पुढची दहा वर्षं काढली असती. म्हणजे कोहलीचा फॉर्म कोहलीच्या बॅटवर नव्हताच, तो चेंबूरच्या एका माणसाच्या बुटाच्या टोकावर उभा होता.

५ जुलैला विधान भवनात मुंबईच्या खेळाडूंचा सत्कार झाला. सूर्या मराठीत म्हणाला की कॅच हातात बसला. रोहितने लगेच पुढे जोडलं की बसला ते बरं झालं, नाहीतर मी सूर्याला बसवलं असतं. सभागृह हसलं. महिनाभर चाललेल्या चर्चेचं एवढं नेमकं सार आम्हाला तीन घराणी मिळूनही काढता आलं नव्हतं.

तोपर्यंत काकांवर मात्र संकट कोसळलं होतं. सामनावीराचा चषक हातात घेऊनच कोहलीने सांगून टाकलं की हा आपला शेवटचा ट्वेन्टी-ट्वेन्टी विश्वचषक, आता पुढच्या पिढीने बघावं. १२५ सामने, ४१८८ धावा, आणि राम राम. थोड्या वेळाने रोहितनेही तेच जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी रवींद्र जडेजा. या जडेजाच्या स्पर्धेत ३५ धावा आणि एक बळी होता, म्हणजे काकांनी त्याची फाइल नुकतीच उघडली होती. एका दिवसात तीन पेशंट हातचे गेले. महिनाभर अभ्यास करून कोहलीने नेमकं कसं खेळायला हवं हे सापडलं आणि माणूस पॅड सोडून निघून गेला! मरीन ड्राइव्हवर ४ जुलैला लाखो लोक उघड्या बसपुढे नाचत होते तेव्हा काका टीव्हीसमोर कोरड्या चेहऱ्याने बसले होते. छत्री कोपऱ्यात होती. वॉचमनच्या रजिस्टरमधल्या नव्या नोंदी पुन्हा वाचता येत होत्या.

पण क्रिकेट दयाळू आहे. ६ जुलैला हरारेमध्ये झिम्बाब्वेविरुद्ध नव्या पोरांचा संघ उतरला. अभिषेक शर्मा नावाचा मुलगा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना खेळत होता. चार चेंडू, शून्य. भारत ११६ धावांचा पाठलाग करताना १०२ वर बाद. काकांच्या चेहऱ्यावर रंग आला. छत्री बाहेर निघाली. "याचं काही खरं नाही," ते म्हणाले. "आयपीएलमध्ये मारणं वेगळं. पाय बघ त्याचा."

दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर, त्याच अभिषेक शर्माने, त्याच पायांवर उभं राहून ४७ चेंडूंत शंभर धावा ठोकल्या.

काका उठून उभे राहिले. "मी म्हणालोच होतो, पोरात दम आहे!"

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काल म्हणालात ते धरायचं, की आज म्हणताय ते?"

"दोन्ही," काका म्हणाले. "फॉर्म टिकवायचा तर एवढं करावंच लागतं."